पान चारवरची तारीख

शकु हिवराळेला वाट बघता येत नाही. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून एकतीस वर्षं काढली, बायांना "अजून वेळ आहे, घाई करू नको, श्वास घे" असं हजारो वेळा सांगितलं, पण स्वतःचं काही यायचं असलं की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. पुस्तक स्पर्धेला पाठवलं तेव्हा दर अर्ध्या तासाने मला फोन. "निशा, पोचलं असेल का गं? पाकीट फोडलं असेल का त्यांनी?" मी म्हणायची, "शकु, मी पोस्टमन आहे का?"

मी त्याच प्रसूतिगृहात रेकॉर्डला क्लार्क होते. केसपेपर माझ्या टेबलावरून जायचे, बाया तिच्या हातून जायच्या. पहिली दहा वर्षं ती मला मॅडम म्हणायची आणि मी तिला शकुबाई. मग माझी धाकटी तिच्या हातात जन्मली. त्यानंतर मॅडम म्हणणं तिलाच विचित्र वाटायला लागलं. आता दोघी रिटायर आहोत, दोघी बोरिवलीच्या गोराई कॉलनीत राहतो, रस्ता ओलांडला की तिची बिल्डिंग.

लिहायला लागली ती रिटायर झाल्यावर. दुपारी दोन ते चार, लेक सपना ऑफिसला गेलेली, घर रिकामं, तेव्हा. दोनशे पानी वह्या, शाळेतल्या. पाटावर बसून पलंगाचं टेबल करायची. कोणती बाई कुठून आली, कशी ओरडली, कोण न ओरडता गेली, कुणाच्या नवऱ्याने मुलगी झाली म्हणून बिस्किटाचा पुडा परत नेला, सगळं. वाचून दाखवायची तेव्हा मला त्या बाया आठवायच्या. मी त्यांचे फक्त नंबर लिहिले होते. हिने माणसं ठेवली होती.

पुस्तक करावं हे मीच म्हटलं. स्टेशनच्या पश्चिमेला कृणालचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, आणि अधूनमधून कुणाकुणाचे कवितासंग्रह. आईच्या नावाने त्याने प्रकाशन काढलंय. पोरगा बरा आहे, बोलायला गोड, वेळेला कच्चा. पुस्तकाचं नाव ठरलं ‘पाणी तापलंय’. शकुने त्याला एकच अट घातली. तारीख सहा डिसेंबर हवी.

हे सांगायला पाहिजे. सहा डिसेंबर म्हणजे बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. शकु दरवर्षी दादरला चैत्यभूमीवर जाते, रांगेत उभी राहते, आणि येताना फुटपाथवरच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन येते. पगार कमी होता तेव्हाही दोन तरी घ्यायचीच. "आमच्या घरात साडी दिवाळीला आली नाही तरी चालायचं," ती म्हणते, "पुस्तक सहा डिसेंबरला आलं पाहिजे." म्हणून तिचं पुस्तक त्या तारखेचं हवं होतं. कृणाल म्हणाला, झकास, एक तारखेला प्रती हातात देतो.

दिल्या एकोणीस जानेवारीला. आधी कागद नव्हता, मग बाइंडरकडे लग्न होतं, मग काय काय. शकु रडकुंडीला आली होती, पण प्रती हातात आल्या आणि सगळं विसरली. मी कव्हर बघितलं, मागचा फोटो बघितला, पहिलं प्रकरण उघडून वास घेतला. प्रकाशकाचं नाव, पत्ता, किंमत असतं ते पान मी उलटून पुढे गेले. ते पान कोण वाचतं?

फेब्रुवारीत पेपरात छोटी बातमी आली. घाटकोपरची एक साहित्य संस्था दरवर्षी लेखिकेच्या पहिल्या पुस्तकाला पुरस्कार देते. मी कात्री लावून बातमी कापली आणि संस्थेत फोन करून चौकशी केली. तेवीस सालच्या पुस्तकांची मुदत पंधरा जानेवारीलाच संपली होती. चोवीस सालची पुस्तकं डिसेंबरात घेणार. मी शकुला रुबाबात सांगितलं, "तुझं पुस्तक जानेवारीतलं. म्हणजे चोवीसचं. डिसेंबरला पाठवू, काळजी करू नको." क्लार्कच्या नोकरीची सवय. कागदाचं काही असलं की माझा आवाज असा होतो. हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं ते मलाच माहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या पुरस्कारात? मीही विचारलं होतं तिला.

"तुला सत्कार पाहिजे का? शाल-नारळ?"

"शाली माझ्याकडे तीन आहेत. रिटायरमेंटच्या."

"मग?"

ती भाजी निवडत होती. मेथीची जुडी खाली ठेवली. "दीडशे प्रती गेल्या ना निशा. भाऊ, वहिनी, विहारातली मंडळी, आपल्या सिस्टर लोक. सगळे म्हणाले, छान. छान म्हणजे काय गं? भाजी छान असते. माझ्या भावाने पुस्तक टीव्हीच्या बाजूला उभं करून ठेवलंय, माझा फोटो दिसेल असं. वाचलं नाहीये त्याने, मला कळतं. आणि ज्यांनी वाचलं त्यांनी मला वाचलं. आपली शकु, बिचारी. मला असा एक माणूस पाहिजे ज्याने मला कधी बघितलं नाही आणि तरी शेवटच्या पानापर्यंत आला. परीक्षकाला वाचावंच लागतं ना?"

"लागत असेल."

"मग झालं. तीन परीक्षक आहेत. तिघांतला एक तरी वाचेल."

आणि पहिलं पुस्तक एकदाच असतं. दुसऱ्या पुस्तकाला तिथे दार बंद. म्हणून ती डिसेंबर होईपर्यंत बोटं मोजत बसली.

डिसेंबरात प्रवेशिका मी भरली, माझ्या अक्षरात. प्रथमावृत्ती कधी, या रकान्यात ‘जानेवारी २०२४’ लिहिलं. खाली ‘वरील माहिती खरी आहे’, त्याच्याखाली शकुने सही केली. तीन प्रती, स्पीडपोस्ट. पोस्टाची पावती मी माझ्या देवघरात निरंजनाच्या ताटलीखाली ठेवली. मी देवाकडे सहसा मागत नाही, नुसतं सांगते. हे असं असं आहे, लक्ष असू दे, एवढंच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. एकेचाळीस पुस्तकांतली पाच निवडली होती, त्यात ‘पाणी तापलंय’. संस्थेचे कार्यवाह, नाना म्हणतात त्यांना सगळे, त्यांनी स्वतः फोन केला होता. शकु चपला न घालता रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी साखर दिली हातावर. दोन दिवस आम्ही दोघी वेड्यासारख्या वागलो, उगीच हसायचो. नानांनी लेखिकेचा फोटो आणि कव्हरचं चित्र मागवलं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी कृणालकडे गेलो.

तो कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका लावत होता. सगळं ऐकून उठून उभा राहिला, शकुच्या पाया पडला. मग जरा घुटमळून म्हणाला, "ताई, ते तारखेचं काही बोलले नाहीत ना?"

"कुठल्या तारखेचं?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे पुस्तकावर सहा डिसेंबर तेवीस आहे ना. तुम्ही सांगितलं होतं ना ताई, तारीख तीच ठेव म्हणून. प्रती लेट झाल्या तरी पान तेच ठेवलं मी."

मी शकुकडे बघितलं. ती म्हणाली, "हो, तीच आहे. मग?"

मग काय. कृणालच्याच कॉम्प्युटरवर संस्थेचे नियम उघडले. पाच नंबरचा नियम मी आधीही वाचला होता, पण वाचूनही वाचला नव्हता. ‘पुस्तकावर छापलेली प्रथमावृत्तीची तारीख ग्राह्य धरली जाईल.’ पुस्तकाप्रमाणे ते तेवीस सालचं. तेवीसची मुदत प्रती हातात यायच्या आधीच संपलेली. चोवीसच्या स्पर्धेत ते बसतच नाही. वर्षभर मी तिला सांगत आले होते, काळजी करू नको.

"वाट लागली," मी म्हटलं. असे शब्द मी वापरत नाही.

"टेन्शन नका घेऊ मावशी," कृणाल म्हणाला. "चार नंबरचं पान नवीन छापतो. जानेवारी टाकतो. जुनं पान ब्लेडने काढायचं, नवीन आत चिकटवायचं. असं बसवून देतो की बाइंडरच्या बापाला कळणार नाही. तीन प्रती घेऊन जा, म्हणा कव्हरला डाग होता, बदलून द्या."

"आणि ज्यांनी वाचल्यात त्यांचं?" मी विचारलं.

"चार नंबरचं पान कोण वाचतं?"

शकु म्हणाली, "म्हणजे फॉर्मवर आपण खरं लिहिलं. खोटं पुस्तकात आहे. सहा डिसेंबरला पुस्तक नव्हतंच."

"अहो ताई, सगळेच टाकतात. कुणी पाडवा टाकतं, कुणी आईची तिथी टाकतं. ते भावनेचं असतं."

"भावना माझीच होती," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते."

त्या दिवशी ती नवीन पान नको म्हणून घरी आली. पुढचे आठ दिवस कसे गेले ते विचारू नका. नाना एकदा फोन करून फोटो मिळाल्याचं सांगतील म्हणून तिने फोन छातीशी धरून ठेवला, आणि वाजला की उचलायची हिंमत नाही. एकदा गॅसवाल्याचा फोन होता तर घाम फुटला. सपना वैतागली. "मम्मी, तू काय बँक लुटलीस का? गप्प बस ना. कुणी विचारलं तर बघू." शकु म्हणाली, "आणि स्टेजवर बोलावून विचारलं तर?" सपना पर्स उचलून ऑफिसला गेली. मी त्या आठवड्यात देवासमोर नीट उभी राहिले नाही. हात जोडायचे आणि लगेच दूध बघायला जायचं.

शेवटी मीच तिला भरीस घातली. खरं तेच लिहिते. मी म्हटलं, पुस्तक जानेवारीतच आलं, त्याची तारीख जानेवारी करणं म्हणजे उलट चूक सुधारणं. मी असं खूप बोलले. चूक माझी होती ना, म्हणून माझी जीभ जास्त चालली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं. सोमवारी जाऊ." मी शनिवारी कृणालकडून तीन प्रती आणल्या. काम सुबक केलं होतं. बोट फिरवलं तरी चिकटवलेलं लागत नव्हतं.

रविवारी सकाळी ती विहारात गेली, मीही गेले. मी कधी कधी जाते तिच्यासोबत, मागे भिंतीला टेकून बसते, बरं वाटतं. सगळे एका सुरात पंचशील म्हणतात. शकुचा आवाज खणखणीत, लेबर रूममधून कॉरिडॉरभर ऐकू जायचा तसा. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला तिचा आवाज गेला. मला वाटलं ठसका लागला. पाचव्याला पुन्हा आला. चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. बाहेर चपला घालताना मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. तरी मी काही बोलले नाही, कारण मला पुस्तक त्या पाचांत राहायला हवं होतं. मला स्वतःला. तिच्यापेक्षा जास्त.

सोमवारी बोरिवली पश्चिमहून मेट्रो धरली, डी. एन. नगरला बदलली, घाटकोपरला उतरलो. पूर्वेला चालत दहा मिनिटं. तीन प्रतींची पिशवी माझ्या खांद्याला होती. शकु वाटेत तीनदा म्हणाली, "कव्हरला डाग होता." पाठ करत होती. मी म्हटलं, "एवढं नको, एकदा बोललीस की पुरे."

संस्थेची खोली एका वाचनालयाच्या वर. नाना सत्तरी उलटलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. थर्मासमधून स्वतः चहा ओतला.

"हिवराळेबाई ना? फोटोत रागीट दिसता. प्रत्यक्षात तशा नाही."

"फोटोवाल्याने हसू नका म्हणून सांगितलं," शकु म्हणाली.

"आणि या?"

"ही निशा. माझी मैत्रीण. कागदपत्रं हीच बघते."

मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

शकुने चहाचा कप खाली ठेवला. "नाना, प्रती बदलायच्या होत्या. कव्हरला डाग होता."

"डाग?" नाना हसले. "आता परीक्षकांनी वाचून झालं, डाग कोण बघतो. तरी बघू या, दोन परत आल्यात. तिसरी यायचीय." ते उठले, लोखंडी कपाट उघडलं, आणि दोन प्रती काढून शकुच्या हातात दिल्या.

आता बघा, मी पिशवीची चेन उघडली होती. दोन घ्यायच्या, दोन द्यायच्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

शकुने पहिली प्रत उघडली तर ती करकरली. पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या, कापल्यावर राहतात तशा. ही कुणी उघडलीच नव्हती, फार तर पहिली चार-पाच पानं. तिचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, अरे देवा, एवढं सगळं यासाठी?

मग तिने दुसरी घेतली. ती बंदच होत नव्हती. फुगली होती, भिजून सुकलेल्या वहीसारखी. पाठीला दोन ठिकाणी मोड. एका पानावर हळदीचं बोट, म्हणजे वाचणारं माणूस जेवता जेवता वाचत होतं, किंवा स्वयंपाक करता करता. जागोजागी पेन्सिलीच्या बारीक रेघा. शकु उभी होती ती खुर्चीत बसली. पान उलटलं, मागे आली, पुढे गेली. चौथ्या पानावर थांबली. तिथे ‘६ डिसेंबर २०२३’ला पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह.

मला दिसलं. नानांनाही दिसलं, ते समोरच होते. शकु माझ्या पिशवीकडे बघत नव्हती, पण मला कळलं ती काय विचार करतेय. मी नवीन प्रती दिल्या असत्या तर ही प्रत परत माझ्या पिशवीत गेली असती आणि कपाटात कोऱ्या राहिल्या असत्या. कुणीच न वाचलेल्या.

"नाना, मी खोटं बोलले," शकु म्हणाली. "कव्हर चांगलं आहे. ही तारीख आहे ना, ती बदलून आणलीय आम्ही. पुस्तक जानेवारीत आलं, पण मला सहा डिसेंबर पाहिजे होती म्हणून ती छापली. नियम आम्हाला नंतर कळला."

"चूक माझी," मी म्हटलं. "मी फॉर्म भरला. प्रेसचं चलन आहे नाना, एकोणीस जानेवारीचं, मी दाखवू शकते."

"तू गप्प बस गं," शकु म्हणाली.

नानांनी चष्मा काढून पुसला. "मला गेल्या मंगळवारी कळलं. या परीक्षकांनी मार्कांच्या कागदावरही लिहून पाठवलंय. फोन करायचा होता तुम्हाला. रोज ठरवायचो. पण पाचांत आलात म्हणून सांगितलं तेव्हा तुम्ही फोनवर इतक्या..." ते थांबले. "धीर झाला नाही."

"म्हणजे बाद," शकु म्हणाली.

"चलन चालत नाही, छापील तारीखच धरावी लागते. आज तुमच्यासाठी सोडलं तर बाकीच्या चौघींना मी काय तोंड दाखवू? समितीपुढे गुरुवारी ठेवतो, पण खरं सांगतो, बाद."

"बरोबर आहे."

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

नानांनी मान हलवली. पहिलं पुस्तक झालं, वर्ष गेलं. तो विषय संपला.

मला रडू यायला लागलं होतं. शकुलाही वाईट वाटत असेल म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिचं लक्षच नाही. ती पेन्सिलीच्या रेघा वाचत होती. ओठ हलत होते. एकशे सतराव्या पानाशी बोट ठेवून ती थबकली, आणि मग तिचा चेहरा एकदम लाल झाला. मी वाकून बघितलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कोळ्याच्या घरातली बाई ओहोटीच्या वेळी होडीत बसेल? भरतीची वेळ तिला लेखिकेपेक्षा नक्की ठाऊक. मग निघालीच का? इथे काहीतरी गाळले आहे.’

हे प्रकरण सोनूबाईचं. खाडीपलीकडच्या गोराई गावातली सोनूबाई, कळा सुरू झाल्यावर होडीत बसून निघाली, आणि पाणी उतरल्यामुळे होडी अलीकडच्या काठापासून लांब चिखलात रुतली. तेव्हा जेट्टी आत्तासारखी नव्हती. निरोप आला म्हणून शकु काठावर गेली होती, ती साडी खोचून चिखलात उतरली, चौघांनी फळीवर घालून सोनूबाईला आणलं. पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं पान. विहारात वाचून दाखवलं तेव्हा बाया रडल्या होत्या. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"कोण आहेत हे परीक्षक?" शकुने विचारलं.

"नाव सांगता येत नाही."

"बाई आहे की पुरुष?"

"तेही नाही."

"मी होते तिथे," शकु म्हणाली. "गुडघाभर चिखलात मी होते. आणि हे मला सांगतात गाळलं म्हणून." मग तिने बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं. "नाना, ही प्रत मला द्याल?"

"प्रती परत देत नाही आम्ही. नियम आहे." नानांना स्वतःलाच ते बोलून कसंतरी झालं असावं. "पण स्पर्धेत नाही तर ती प्रवेशिकाही नाही. न्या. ती दुसरी कोरी आहे, ती आमच्या वाचनालयात ठेवतो. कुणीतरी उघडेल."

खाली आलो. मी तयारी करून ठेवली होती काय बोलायचं त्याची. माफी मागायची होती, कृणालला चार शब्द ऐकवायचे होते, देवाची मर्जी वगैरे म्हणायचं होतं. शकुने काही बोलू दिलं नाही. मेट्रोत जागा मिळाली तशी ती पुस्तक उघडून बसली. साकीनाका गेलं, मरोळ गेलं. डी. एन. नगरला गाडी बदलतानाही बोट पानातच. दुसऱ्या गाडीत बसल्यावर म्हणाली, "बरोबर पकडलंय गं."

"काय?"

"गाळलंय मी. सोनूबाईला दोन मुली आधीच्या. सासू म्हणायची माझी सहा घरात झाली, हिला कसला दवाखाना पाहिजे. ती भरतीला निघूच देत नव्हती. म्हातारी बाजारात गेली तेव्हा ही निघाली. तेव्हा ओहोटी होती. तिला माहीत होतं गं पाणी नाहीये ते. माहीत असून बसली होडीत."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तिने हात धरला माझा. म्हणाली, म्हातारी हाय तवर नको. मी म्हटलं बरं. मग नुसता चिखल लिहिला, माणसं लिहिली. मला वाटलं कुणाला कळणार नाही." ती पुन्हा समासाकडे बघायला लागली. "एवढं बारीक वाचलं, निशा. हात धुतला नाही, हळद लागली, पण खाली ठेवलं नाही पुस्तक."

"म्हातारी आहे अजून?"

"वर्ष होत आलं जाऊन."

"मग आता विचार सोनूबाईला."

"तेच म्हणते मी. पण ती नाही म्हणाली तर? तिला वाटेल शकुने पंचवीस वर्षांनी उकरून काढलं. मुलं मोठी झाली तिची. सुना आहेत." तिने पदराने कपाळ टिपलं. "आणि हो म्हणाली तर पुन्हा लिहायला पाहिजे. दुसरी आवृत्ती कोण काढणार? कृणाल?"

"तारीख मी बघेन," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण माझ्या हातावर एक चापटी मारली.

बोरिवलीला उतरलो तेव्हा तीन वाजत आले होते. मला वाटलं घरी जाऊन आधी वरणभात टाकू, सकाळपासून नुसता चहा पोटात. शकु रिक्षाच्या रांगेत उभी राहिली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "गोराई जेट्टी."

"आत्ता?" मी म्हटलं. "अगं, फोन तरी कर तिला आधी."

"फोनवर ती नाही म्हणेल. समोर बसून विचारते. ही ओळ वाचून दाखवते, बघ म्हणते, तुला न बघितलेल्या माणसाने तुझ्यासाठी प्रश्न विचारलाय." रिक्षात बसल्यावर तिचे पाय हलायला लागले, अस्वस्थ असली की हलतात तसे. कोपऱ्यावरचं वळण आलं, तसं तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तिने आत घेतलंच नाही तर काय करू गं?"

मी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हटलं, "मग दारात बसू थोडा वेळ."